मुरडशेंग, लस आणि बरं

(दृश्य: पुण्यातल्या पेठेतलं काष्ठौषधींचं दुकान. सकाळी फळ्या निघताहेत. मग तळहातावरची एक शेंग, अगदी जवळून.)

ही शेंग नीट बघा. दोरीला पीळ भरावा तशी वळलेली. हिचं नाव मुरडशेंग. पोटात पिळवटून कळ येते आणि पुन्हा पुन्हा उठावं लागतं, त्या दुखण्याचं नाव मुरडा. मुरड शेंगेतही आणि पोटातही. लिहितावाचता न येणाऱ्या बाईलाही कुठलं औषध कशावर ते विसरायची सोय नाही.

(दृश्य: लाकडी खण, पितळी तागडी, वर्तमानपत्राच्या पुड्या.)

सुंठ, वेखंड, बाळहिरडा, अतिविष. मालक तागडीत टाकायच्या आधी विचारतात, "कुणाला द्यायचंय? केवढंय बाळ?" मग पुडी बांधून वर पेन्सिलीनं नाव घालतात.

औषध हा शब्द ओषधी या शब्दावरून आला. फळ पिकलं की जिचं आयुष्य सरतं ती ओषधी, असं अमरकोश सांगतो. म्हणजे या व्याख्येत भात आला, गहू आला, हरभराही आला. मेडिकलमधून स्ट्रिप आणतो तेव्हासुद्धा आपण एका वाळलेल्या रोपाचंच नाव घेत असतो.

(दृश्य: काचेच्या बरणीत सुकलेल्या गुलाबपाकळ्या.)

या बरणीची गोष्ट जरा गमतीची आहे. फारसीत गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी. गुलाब हे आधी गुलाबपाण्याचं नाव. अरबांच्या तोंडी त्याचा जुलाब झाला आणि अर्थ झाला गुलाबपाण्याचं गोड सरबत. पोट साफ करायची औषधं अशा पाकातून दिली जायची. हकिमांबरोबर शब्द फिरत फिरत आपल्याकडे पोचला, तोवर सरबत वाटेतच सांडलं आणि परिणाम तेवढा उरला. तेव्हा गुलाब आणि जुलाब ही सख्खी भावंडं. देवाला वाहताना मात्र हे आठवू नये.

(दृश्य: घराची ओटी. सहाण, वाटीत पाणी, आजींचा हात. घासण्याचा आवाज मोठा ठेवावा. निवेदन सावकाश.)

वेखंडाचा अर्धा वेढा. हळकुंडाचा एक. मुरडशेंगेचे दोन.

ही बाळगुटी. सहाणेवर एकदा गोल फिरवलं की एक वेढा. आजी पुटपुटत मोजतात. मध्ये कुणी बोललेलं त्यांना चालत नाही. हीच मात्रा. मात्रा म्हणजे माप. कवितेत ती अक्षरांची, इथे वेढ्यांची. वैद्याच्या बटव्यातली हेमगर्भाची मात्रा अशीच उगाळून देत, माणूस हातचा जायला लागला की. "त्याच्यापुढे कुणाची मात्रा चालत नाही" हे आपण राजकारण्यांबद्दल म्हणतो, पण बोलणं सहाणेवरचं आहे.

पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीच देऊ नये, असं डॉक्टर आता सांगतात.

(दृश्य: ताटलीत मऊ भात, मेतकूट, तूप.)

हे पथ्य. पथ म्हणजे वाट. वाटेला धरून असतं ते पथ्य, असा अर्थ चरकसंहितेत दिला आहे.

(दृश्य: आजी पदर सावरतात. दंडावर दोन गोल वण.)

"देवी काढल्या तेव्हाचे," आजी म्हणतात. क्रियापद ऐकलंत? रोगावर टोचून घेतलं की देवी काढल्या. आणि रोग झाला तर देवी आल्या. 'झाली' कुणी म्हणायचं नाही. घरात पाहुणी आलीय, तिला दुखवून कसं चालेल!

(दृश्य: माहीमचं शीतलादेवी मंदिर. दिवेलागण. ओली पायरी, फुलं.)

अंगाची लाही लाही करणाऱ्या देवीचं नाव शीतला, म्हणजे गार. भीती वाटते तिला गोड नावानं हाक मारायची, ही जुनी रीत. याच आवारात खोकलादेवीही आहे. आजार तितक्या हाका.

देवीच्या रोगावरचा उपाय आला समुद्रावरून, बसऱ्याहून. 14 जून 1802 रोजी मुंबईत तीन वर्षांच्या एका मुलीच्या दंडावर तो टोचला. तिला आलेल्या फोडातलं पाणी घेऊन पुढच्या मुलांना टोचलं. फोडातून, जखमेतून पाझरणाऱ्या त्या चिकट पाण्याला मराठीत लस म्हणतात, आजही म्हणतात. इंग्रजीतला व्हॅक्सिन गायीवरून आला, लॅटिनमधल्या वाकावरून. आपण गायीकडे पाहिलंच नाही. सुईच्या टोकावर जे दिसलं त्याचं नाव ठेवलं. कुठल्या समितीनं बसून घडवला असता, तर इतका नेमका शब्द मिळाला नसता.

1975 नंतर भारतात देवीचा रुग्ण सापडला नाही, 1980 मध्ये जगातून ती गेल्याचं जाहीर झालं.

(दृश्य: पाट्या, एकामागून एक. दवाखाना. रुग्णालय. म्हापशाचं जिल्हा इस्पितळ.)

दवा अरबी, खाना फारसी. इस्पितळ पोर्तुगीजांकडून आलं, त्याच्या मुळाशी लॅटिनमधला पाहुणा बसलेला आहे. रुग्ण संस्कृतातल्या रुज् धातूचा, अर्थ मोडलेला. वैद्य, हकीम, डॉक्टर या तिघांच्याही मुळाशी विद्या आहे, फी नंतरची.

(दृश्य: दवाखान्यातला बाक. माणसं वाट बघताहेत. चेहरे.)

इथे कान देऊन बसा. दाढ ठणकते. फोड ठुसठुसतो. पाठीत उसण भरली. डोळे चुरचुरतात. पोटात कळ येते. अंग कसकसतं. ताप नाही, पण कसर आहे. एकाचं दुखणं दुसऱ्याच्या शब्दात मावत नाही, आणि डॉक्टरांनी ऐकलं तर निम्मं निदान बाकावरच होईल.

केसपेपरवर सगळ्यांसाठी एकच शब्द: पेन.

(दृश्य: एक लहान मुलगा बाकावर चुळबुळ करतोय.)

"स्वस्थ बस," आई दटावते. स्व म्हणजे आपण, स्थ म्हणजे असलेला. आपल्या ठायी असलेला तो स्वस्थ. याच शब्दावरून स्वास्थ्य. मराठीत मात्र तो पोरांना गप्प करायच्या कामी आला.

(दृश्य: खिडकीतून पुड्या देणारा कंपाउंडर. आजींचा हात पुढे येतो.)

"सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर. बरं वाटलं नाही तर तीन दिवसांनी या."

बरं. मूळ शब्द वर, म्हणजे उत्तम, निवडून घेतलेलं.

"बरं," आजी म्हणतात, आणि पिशवीत पुडी टाकतात.