अड्यारच्या डॉक्टर शांता

मित्रहो, कॅन्सरतज्ज्ञ डॉ. शांतांविषयी बोलायला उभा राहिलो की मला आधी एक वेगळ्याच बाई आठवतात. मी तेव्हा रेडिएशन विभागात नवखा होतो. बाईंना गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होता. आजार फार पसरलेला नव्हता, बरा होण्यासारखा होता. आम्ही पंचवीस शेक ठरवले. रेडिएशनला आपले रुग्ण 'शेक' म्हणतात आणि ऐकून ऐकून आम्हीही तेच म्हणतो. बाईंनी चौदा शेक घेतले, पंधराव्या दिवशी त्या आल्याच नाहीत. मी केसपेपरवर 'रुग्ण आला नाही' असं लिहिलं आणि पुढचा पेपर हातात घेतला. आठ महिन्यांनी त्या परत आल्या, तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. का थांबलात, असं विचारल्यावर खाली मान घालून म्हणाल्या, "कापणी आली होती, डॉक्टर. आणि रोजचं गाडीभाडं कुठून आणायचं?"

त्या दिवशी मला वाईट वाटलं, पण आपली काही चूक झाली असं वाटलं नाही. माझं काम शेक देण्याचं, ते मी केलं होतं. ही समजूत पुढे डॉ. व्ही. शांतांच्या कामाची ओळख झाली तेव्हा मोडली. म्हणून आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

११ मार्च १९२७ला मद्रासच्या मैलापूर भागात त्यांचा जन्म झाला. घराणं विद्वानांचं. सी. व्ही. रामन हे त्यांच्या आईच्या वडिलांचे भाऊ आणि सुब्रह्मण्यन चंद्रशेखर मामा. एकाच घरात दोन नोबेल. शांतांनी १९४९मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस केलं आणि १९५५मध्ये स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रात एमडी. त्या काळी डॉक्टर झालेल्या मुलीने बाळंतपणं करावीत, हे जवळजवळ ठरलेलंच असे. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून स्त्रिया आणि मुलांच्या सरकारी रुग्णालयात त्यांची निवडही झाली होती. कायमची, मानाची नोकरी. ती सोडून त्या गेल्या मद्रासच्याच अड्यार भागात, बारा खाटांच्या एका कॅन्सर रुग्णालयात.

त्या बारा खाटांमागे एका बहिणीचं दुःख होतं. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांची धाकटी बहीण १९२३मध्ये कॅन्सरने गेली. मुथुलक्ष्मी म्हणजे देवदासी प्रथेविरुद्ध कायदेमंडळात उभ्या राहिलेल्या बाई. कॅन्सरसाठी वेगळं रुग्णालय हवं, हा ध्यास त्यांनी तीस वर्षं सोडला नाही. कॅन्सर म्हणजे मरणच, मग त्याच्यासाठी रुग्णालय कशाला, अशीच तेव्हा सगळीकडे धारणा. अखेर लोकवर्गणीतून १९५४मध्ये दार उघडलं. मुथुलक्ष्मींचे चिरंजीव डॉ. कृष्णमूर्ती हे तिथले डॉक्टर. १३ एप्रिल १९५५ला शांता रुजू झाल्या, आणि डॉक्टर दोन झाले. सुरुवातीची वर्षं शांतांनी बिनपगारी काम केलं. राहायला आवारातच जागा मिळाली.

आता थोडं यंत्राविषयी सांगतो. माझा विषय आहे, म्हणून रेंगाळतो. जुन्या क्ष-किरण यंत्रांचा सगळा जोर कातडीवर पडायचा. आतल्या गाठीपर्यंत पुरेसा डोस पोचवायचा तर वरची कातडी भाजून निघायची. कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूवर चालणाऱ्या यंत्राचा सर्वांत जास्त डोस कातडीच्या सुमारे अर्धा सेंटिमीटर खाली पडतो. तेवढ्या अर्ध्या सेंटिमीटरने किती रुग्णांचं सोसणं कमी झालं असेल! अड्यारच्या या छोट्या संस्थेने १९५०च्या दशकातच कॅनडाहून कोबाल्ट यंत्र मिळवलं. देशातल्या पहिल्या यंत्रांपैकी ते एक.

पण कोबाल्टचं एक असतं. तो झिजत जातो. सव्वापाच वर्षांत त्याची ताकद निम्मी होते, म्हणजे दर महिन्याला साधारण एक टक्का घटते. तोच डोस द्यायला आज दोन मिनिटं लागत असतील, तर सव्वापाच वर्षांनी चार लागतात. तोवर बाहेरच्या बाकांवरची रांगही दुपटीने रेंगाळते. नवा कोबाल्ट आणायचा तर पैसा हवा. मोफत उपचारांची संस्था चालवायची म्हणजे रोज काय हिशेब करावा लागतो, हे त्या रांगेकडे पाहिलं की कळतं.

त्या रांगेत बसलेला माणूस उद्या परत येईल ना, हा प्रश्न शांतांनी डॉक्टरच्या कामातलाच मानला. मी जो पेपर खाली ठेवला होता, तो त्यांनी हातात धरून ठेवला. रुग्णाला पैशावाचून परत पाठवायचं नाही, हा तिथला नियम. निम्म्याहून जास्त रुग्णांवर मोफत किंवा सवलतीत उपचार होत आले. पण फी माफ केली तरी सहा आठवडे राहायचं कुठे, जेवायचं काय, यायचं कसं? त्यांच्या संस्थेने कॅन्सरच्या औषधांवरचा आयातकर माफ व्हावा म्हणून पाठपुरावा केला, रुग्णांच्या प्रवास सवलतीसाठी केला. आज उपचारासाठी निघालेल्या कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपर क्लासचं तिकीट मोफत मिळतं, सोबतच्या माणसालाही मोठी सवलत मिळते. माझ्या त्या बाईंच्या गाडीभाड्याचा प्रश्न कुणीतरी सरकारी टेबलावर नेऊन ठेवला होता. मला ते सुचलंसुद्धा नव्हतं.

१९६०मध्ये संस्थेने लहान मुलांच्या कॅन्सरसाठी वेगळा कक्ष सुरू केला, देशातला पहिला. तेव्हा रक्ताचा कॅन्सर झालेलं मूल हाती लागणं जवळजवळ अशक्य होतं. पुढे १९८०च्या दशकात मद्रासची ही संस्था, आपलं परळचं टाटा मेमोरियल आणि दिल्लीचं एम्स यांनी अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या मदतीने 'एमसीपी-८४१' नावाची उपचारपद्धत वापरायला घेतली. परदेशातली पद्धत जशीच्या तशी उचलली असती, तर आपली अशक्त मुलं जंतुसंसर्गानेच दगावली असती. म्हणून आपल्या वॉर्डांना झेपेल अशा बेताने औषधांची आखणी केली, आणि बऱ्या होणाऱ्या मुलांचं प्रमाण खरोखर वाढलं. यात नाव एकट्या शांतांचं नाही, आणि त्यांना तसं आवडलंही नसतं असं मला वाटतं.

मला त्यांचं सर्वांत मोठं काम मात्र वह्यांमधलं वाटतं. मुंबईत १९६३पासून कॅन्सरच्या रुग्णांची नोंदणी होत होती. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मद्रास शहराचं नोंदणीचं काम अड्यारच्या संस्थेने अंगावर घेतलं. कॅन्सरचा रुग्ण कळवणं कुणावर बंधनकारक नव्हतं. म्हणून नोंदणीचे कर्मचारी स्वतः रुग्णालयांत जायचे, तपासणीच्या प्रयोगशाळांत जायचे, मृत्यूच्या नोंदी चाळायचे, आणि एकच माणूस दोनदा तर मोजला नाही ना, हे नावं-पत्ते ताडून बघायचे. कंटाळवाणं काम आहे. पण त्यातूनच दिसलं की चेन्नईतल्या बायकांमध्ये गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर हळूहळू मागे पडतोय आणि स्तनाचा पुढे येतोय. कोणत्या तपासण्या वाढवायच्या, हे अशा नोंदींवरून ठरतं.

२००५चं मॅगसेसे, २०१६चं पद्मविभूषण, हे आपल्याला ठाऊकच आहे. त्यावर जास्त बोलत नाही. बारा खाटांच्या पाचशेहून अधिक झाल्या. १९८० ते १९९७ त्या संस्थेच्या संचालक होत्या, पुढे अध्यक्ष झाल्या. नव्वदी ओलांडल्यावरही त्या कामात होत्या.

१९ जानेवारी २०२१ला, त्र्याण्णवाव्या वर्षी, त्या गेल्या. अंत्यदर्शनासाठी त्यांना संस्थेच्या जुन्या आवारात ठेवलं होतं. अठ्ठाविसाव्या वर्षी त्या तिथे राहायला आल्या होत्या, आणि पासष्ट वर्षांत त्यांनी पत्ता बदलला नव्हता.