फोटो एडिटिंगसाठी कोणतं सॉफ्टवेअर? आधी घरातली मारबत काढा!

[कॅमेरा सुरू. मागे कूलरचा आवाज.]

थांबा, हा कूलर बंद करतो.

हं. आता आवाज नीट येऊन राहिला असेल. मे महिना आहे, नागपूर आहे आणि मी कूलर बंद करून बोलून राहिलो, म्हणजे आज पाल्हाळ लावणार नाही एवढं नक्की.

नवा कॅमेरा घेतलेला माणूस आठ दिवसांत एकच प्रश्न विचारतो. "भाऊ, फोटोशॉप टाकू का लाइटरूम?" मी म्हणतो, आधी तुमचे शेवटचे शंभर फोटो दाखवा. त्याला वाटतं मी टाळून राहिलो. पण तुमच्या फोटोंना झालंय काय, ते पाहिल्याशिवाय औषध कसं सांगणार?

माझंच उदाहरण घ्या.

[स्क्रीनवर: इतवारीतली गर्दी, पिवळी मारबत]

मागच्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मी मारबतीच्या मिरवणुकीत गेलो होतो. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो, काळी आणि पिवळी अशा दोन मोठ्या मारबती, म्हणजे वाईट ते सगळं सोबत घेऊन जाणारे पुतळे, निघतात, सोबत बडगे नावाचे पुतळेही असतात, आणि सगळी इतवारी ओरडत असते, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" घरी आलो, कार्ड लावलं, फोटो 612. त्यातल्या दीडशेत कोणाचं तरी कोपर. शंभरेक हललेले. एकाच बडग्याचे सलग बावीस फोटो, बावीसही सारखे.

आता या 612 फोटोंना कोणतं फिल्टर लावू? मला फिल्टर नाही, मारबत पाहिजे होती. खराब फोटो घेऊन जा गे मारबत!

म्हणून माझ्या मते नवशिक्यानं पहिली गोष्ट ही बघावी की, सॉफ्टवेअरमध्ये फोटो भराभर पाहता, तारे देता आणि बाद करता येतात का. लाइटरूम क्लासिकमध्ये (हे लाइटरूमचंच एक रूप, फरक पुढे सांगतो) पी दाबलं की ठेवला, एक्स दाबलं की बाद. डार्कटेबल या फुकट सॉफ्टवेअरमध्ये आकडे दाबून तारे द्यायचे, आर दाबलं की बाद. मी 612चे 38 केले, तासाभरात. फोटोशॉप या कामासाठी बनलेलंच नाही. ते एका फोटोवर बसून काम करायचं हत्यार आहे. 1990 साली आलं आणि इतकं गाजलं की आपल्याकडे एडिट केलेल्या कोणत्याही फोटोला "फोटोशॉप केलाय" म्हणतात. नाव मोठं म्हणून सगळे तिथंच जातात आणि लेअर, मास्क बघून दुसऱ्या दिवशी बंद करतात.

दुसरा फोटो बघा.

[स्क्रीनवर: दीक्षाभूमीचा स्तूप, भर दुपारचा]

दीक्षाभूमी, बाहेरून, दुपारी साडेबारा. पांढरा घुमट, वरून आपलं नागपुरी ऊन. जेपेगमध्ये घुमटाचा एक भाग नुसता कोरा कागद झालाय. खाली हा त्याच क्षणाचा रॉ फोटो, म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरनं टिपलेला कच्चा माल. उजळ भाग कमी करायचा स्लायडर खाली ओढतो... दिसली घुमटाची गोलाई?

हे जादूनं होत नाही. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या फक्त 256 पायऱ्या असतात. 14 बिटच्या रॉमध्ये 16,384. कॅमेरा जेपेग बनवताना स्वतःच्या मतानं निवड करतो आणि बाकीचा माल फेकून देतो. रॉमध्ये तो माल शिल्लक असतो. पण जिथं सेन्सरच उजेडानं पूर्ण भरला, तिथं रॉसुद्धा काही परत आणत नाही. तेवढं फोटो काढतानाच सांभाळावं लागतं.

व्हाइट बॅलन्सचंही, म्हणजे उजेडाच्या रंगानुसार फोटोचे रंग जुळवण्याचंही तेच. संध्याकाळी पिवळ्या बल्बखाली संत्र्यांच्या ठेल्याचा फोटो काढला की संत्रं टमाट्यासारखं दिसतं. रॉ असेल तर घरी बसून संत्र्याचं संत्रं करता येतं. जेपेगमध्येही ओढाताण करता येते, पण मग ठेलेवाल्या काकांचा चेहरा निळा पडतो.

म्हणजे दुसरी अट, तुमच्या कॅमेऱ्याची रॉ फाइल उघडली पाहिजे. कॅमेरा अगदी नवा असेल तर हे आधी तपासा, कारण नव्या मॉडेलचा सपोर्ट कधी कधी उशिरा येतो.

आता माझी एक जुनी जखम. चुलत बहिणीच्या साखरपुड्याचे फोटो मी काढले होते. घरी येऊन सगळ्यांवर कॉन्ट्रास्ट हाणला, रंग हाणले, आणि सेव्ह, सेव्ह, सेव्ह. मूळ फाइलवरच! दोन वर्षांनी पाहिलं तर सगळी मंडळी हळदीच्या डब्यात पडल्यासारखी. मूळ फोटो एकही नाही. बहीण अजून ऐकवते, आणि बरोबरच ऐकवते.

लाइटरूम, डार्कटेबल, रॉथेरपी अशी सॉफ्टवेअर मूळ फाइलला हात लावत नाहीत. तुम्ही काय काय केलं त्याच्या सूचना वेगळ्या लिहून ठेवतात. डार्कटेबल फोटोशेजारी एक्सएमपी नावाची छोटी फाइल करतं, ती कचरा समजून डिलीट करू नका. लाइटरूम क्लासिक कॅटलॉग नावाच्या स्वतःच्या वहीत लिहितं. त्या कॅटलॉगला फोटो कुठं आहेत तेवढंच माहीत असतं, फोटो त्याच्या पोटात नसतात. फोल्डर बाहेरून हलवलं की लाइटरूम म्हणतं, फोटो सापडत नाही. मग लोक म्हणतात सॉफ्टवेअरनं फोटो खाल्ले. नाही खाल्ले बाप्पा, तुम्हीच घर बदललं आणि पत्ता नाही कळवला.

मग घ्यायचं कोणतं?

फोनवर फोटो काढत असाल तर स्नॅपसीड. फुकट आहे, डीएनजी प्रकारची रॉ फाइल उघडतं, आणि त्यातलं फोटोचा हवा तेवढाच भाग सुधारायचं सिलेक्टिव्ह शिकलात तरी वर्षभराचं काम भागतं.

कॅमेरा असेल तर पहिले दोन महिने त्याच कंपनीचं फुकट सॉफ्टवेअर वापरा. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, सोनीचं इमेजिंग एज. याबद्दल कोणी बोलत नाही, कारण दिसायला ते ग्रामपंचायतीच्या फॉर्मसारखं आहे. पण कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर जो रंग दिसला, जवळजवळ तोच इथं मिळतो. दुसऱ्या कंपनीची रॉ फाइल मात्र उघडत नाही.

त्यानंतर डार्कटेबल. फुकट आहे, ताकदवान आहे, आणि सुरुवातीला डोकं खातं. पहिल्यांदा फोटो उघडला की फिका दिसतो, आणि पोट्टे घाबरून बंद करतात. तो बिघडलेला नाही. कॅमेऱ्यानं जेपेगला लावलेला मेकअप इथं उतरलेला असतो, एवढंच. मी स्वतः आज हेच वापरतो, पण मला हातात धरायला पंधरा दिवस लागले, आणि त्यातले चार दिवस मी त्याला शिव्याच देऊन राहिलो होतो.

लाइटरूम सोपं आहे, शिकवणारे व्हिडिओ ढीगभर आहेत. लग्नाची कामं घ्यायची असतील तर पैसे द्या, वसूल होतील. नुसत्या हौसेसाठी महिन्याचं भाडं भरावं का, हे तुम्ही आणि तुमच्या घरचे ठरवा. भाडं थांबलं तर क्लासिकमध्ये फोटो दिसतात, एक्सपोर्टही होतात, पण एडिटिंगचा डेव्हलप विभाग आणि मॅप विभाग बंद होतो. आणि नुसतं लाइटरूम वेगळं, लाइटरूम क्लासिक वेगळं. पहिल्याचा मुख्य भर क्लाउडवर, दुसरं तुमच्या हार्ड डिस्कवरच्या फोल्डरशी काम करतं. आपल्याकडचं नेट बघता मी क्लासिक म्हणेन.

फोटोतून विजेची तार काढायची, दोन फोटो जोडायचे, असं काही असेल तर गिंप आहे, फुकट. रॉ फाइल ते स्वतः उघडत नाही, डार्कटेबल किंवा रॉथेरपीकडे सोपवतं. अशाच कामाचं अफिनिटीही 2025पासून फुकट झालंय, कॅनव्हाचं खातं लागतं.

आणि एक राहिलं. मी लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानदारानं न विचारता "टाकून देतो ना भाऊ, सगळं क्रॅक आहे" म्हणत पेनड्राइव्ह लावला होता. महिन्याभरात लॅपटॉप फॉरमॅट करावा लागला. इतकं फुकट आणि चांगलं मिळत असताना ती भानगड काहून पाहिजे?

लॅपटॉपला 8 जीबी रॅम असेल तर चालतं, रखडत चालतं. 16 असेल तर बरं. स्क्रीनची ब्राइटनेस पूर्ण ठेवून रात्री एडिट करू नका. स्क्रीनवर फोटो उजळ वाटतो, तुम्ही तो गडद करता, आणि प्रिंट हातात आली की चेहरे काळवंडलेले.

आता तुमचं काम. कॅमेऱ्यात रॉ आणि जेपेग दोन्ही सुरू करा. उद्या संध्याकाळी फुटाळ्यावर जा, सूर्य तलावात उतरताना दहाच फोटो काढा. त्यातला एक निवडा आणि तोच एक रॉ फोटो कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये, डार्कटेबलमध्ये आणि लाइटरूमच्या ट्रायलमध्ये करून बघा. शेजारी कॅमेऱ्याचं जेपेग ठेवा. कशात हात बसला आणि कशात चिडचिड झाली, ते कमेंटमध्ये लिहा, कॅमेऱ्याच्या मॉडेलसकट. फुटाळ्यावर कणीस खाल्लं की नाही, हेही लिहा.

चला, लॅपटॉप तापला, मीही तापलो. कूलरमध्ये पाणी टाकतो.

[कॅमेरा बंद]