गारपिटीनंतर गाडीचा पत्रा आणि विम्याचा दावा

मंडळी, गारा पडून गेल्या की दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजसमोर रांग लागते. त्या रांगेतले बरेचजण एकच चूक करतात. पोचे न मोजताच ‘छत घासा, पुट्टी भरा, रंग मारा’ असं सांगून मोकळे होतात. आजच्या बोलण्याचा गाभा एवढाच आहे की आधी मोजायचं, मग उघडायचं, आणि मूळ रंग जितका वाचवता येईल तितका वाचवायचा. दाव्याचे पैसेही त्याच क्रमाने नीट मिळतात.

आपल्याकडे गारपीट बहुतेक करून फेब्रुवारी ते मे या काळात होते. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ आणि मध्य महाराष्ट्रात झालेली गारपीट अनेकांना आठवत असेल. तेव्हा चर्चा पिकांची झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण उघड्यावर उभ्या असलेल्या गाड्यांच्या पत्र्यावरही तीच गार पडत असते. छताचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. त्याला आधार फक्त आडव्या पट्ट्यांचा, त्यामुळे दोन पट्ट्यांच्या मधला भाग सगळ्यात आधी बसतो.

गारा थांबल्यावर पहिलं काम काचेचं. मागची काच फुटली असेल तर तिचे बारीक दाणे होतात आणि पाणी थेट आत जातं. कार्पेटखाली वायरिंगचे जोड असतात, ते भिजले की नुकसान वाढत जातं. प्लास्टिकचा कागद लावा, गाडी आडोशाला घ्या. पुढचं नुकसान टाळण्यासाठी वाजवी काळजी घेणं ही पॉलिसीचीच अट आहे. चार दिवस उघड्या ठेवलेल्या गाडीत शिरलेल्या पाण्याचा खर्च कंपनी नाकारू शकते. गारा वितळायच्या आत दोन-चार गारा नाण्याशेजारी ठेवून फोटो काढा. कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि दावा क्रमांक लिहून ठेवा. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर गारपिटीचा एक रुपयाही मिळत नाही. ‘ओन डॅमेज’, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, असावाच लागतो.

आता मोजणी. भर दुपारच्या उन्हात पोचे दिसत नाहीत. गाडी धुवून, कोरडी करून संध्याकाळच्या तिरप्या उजेडात उभी करा, किंवा शेडमध्ये ट्यूबलाइटखाली घ्या. पत्र्यात ट्यूबची सरळ रेघ दिसते. ती जिथे वाकते तिथे पोचा आहे. प्रत्येक पोच्याभोवती काचेवर लिहायच्या मेणाच्या पेन्सिलीने गोल करा, आणि छत, बॉनेट, डिकी, डावा-उजवा फेंडर असे आकडे वेगवेगळे लिहा. त्यातही रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान किती, लिंबाएवढे किती आणि रंग तडकलेले किती, हे वेगळं नोंदवा. मग नंबर प्लेट, चासी नंबर, किलोमीटरचा आकडा आणि सगळे पॅनल न थांबता एका व्हिडिओत घ्या. नुकसान पाहायला विमा कंपनीकडून येणारा सर्व्हेयर याच तपशिलाने बोलतो. ‘छतावर त्रेचाळीस पोचे, त्यातले दोन तडकलेले’ असं सांगणारा मालक आणि ‘सगळी गाडी खराब झाली’ म्हणणारा मालक यांच्या अंदाजपत्रकांत फरक पडतो. जुने पोचे यात घुसवू नका. गारांचे पोचे वर तोंड असलेल्या पृष्ठभागावर असतात. वारा आडवा असेल तरच दारांवर उमटतात, तेही एकाच बाजूला. दाराच्या खालच्या भागातला गंजलेला ओरखडा गारेचा म्हणून दाखवला की बाकीच्या खऱ्या पोच्यांवरही संशय येतो.

दुरुस्तीच्या पद्धतीबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण पैसा आणि पत्रा दोन्ही इथेच वाचतात. रंग शाबूत असेल तर रंग न काढता पोचा काढता येतो. या कामाला गॅरेजवाले पीडीआर (पेंटलेस डेंट रिपेअर) म्हणतात. छताचं आतलं अस्तर उतरवतात, पट्टेदार प्रकाशाचा दिवा बाहेर लावतात आणि टोक घासून गुळगुळीत केलेली सळई आतून पोच्याच्या तळाशी टेकवतात. कारागिराची नजर सळईवर नसते, बाहेर पत्र्यात दिसणाऱ्या पट्ट्यांवर असते. तो एकदम ढकलत नाही. कणाकणाने दाबतो, मग कडेला उठलेलं कडं बोथट ठोकणीने बसवतो. घाई केली तर खड्ड्याच्या जागी फोडासारखा उंचवटा राहतो. आडव्या पट्टीच्या मागे सळई पोचत नाही, तिथे बाहेरून गोंदाची टोपी चिकटवून ओढतात. बॉनेटच्या दुहेरी कडेवरचे आणि छताच्या कोनावरचे पोचे मात्र पूर्ण निघतीलच असं नाही. ॲल्युमिनियमचं बॉनेट असेल तर ते आधी गरम करावं लागतं. तो पत्रा पोलादासारखा परत आकारात येत नाही, थंड असताना जोर दिला तर तडकतो.

आधी पुट्टी भरून रंगवलेल्या पॅनलवर ही पद्धत चालत नाही, खालची पुट्टी फुटते. रंगाची जाडी मोजायचं यंत्र लावून आधीच पाहावं. छत बदलणं हा शेवटचा उपाय. त्यासाठी वेल्ड कापावे लागतात, पुढची-मागची काच काढावी लागते, आणि कारखान्यात बुडवून चढवलेला गंजरोधक थर त्या जोडांवर पुन्हा तसाच मिळत नाही.

हिशेब पाहा. समजा गाडी साडेतीन वर्षांची आहे. तीन ते चार वर्षांच्या गाडीला धातूच्या भागांवर २५ टक्के घसारा, म्हणजे जुनेपणापोटी कपात, लागतो. रबर-प्लास्टिकवर ५० टक्के, फायबरवर ३० टक्के, काचेवर शून्य. मजुरीवर घसारा नसतो. बॉनेट १२,००० रुपयांचं बदललं तर ३,००० तुमच्या खिशातून जातात. रंगाचं एकत्रित बिल २०,००० असेल तर त्यातला पाव भाग, म्हणजे ५,००० हे रंगसाहित्य धरतात आणि त्याचे निम्मे, २,५०० कापतात. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट, म्हणजे दाव्यात मालकाने स्वतः सोसायची रक्कम, १,०००. झाले ६,५००. पीडीआरचं काम जवळजवळ सगळं मजुरीचं असतं. म्हणून सर्व्हेयरची लेखी मंजुरी घेऊन ते करून घेतलं तर कपात मुख्यतः वजावटीपुरती राहते. मंजुरीआधी काम सुरू करू नका. झीरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा संरक्षण, असलं तरी वजावट द्यावीच लागते.

छोटा दावा करण्याआधी एनसीबीचा, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा (नो क्लेम बोनस) विचार करा. ५० टक्के एनसीबी असताना दावा केला तर पुढच्या नूतनीकरणाला ती शून्य होते. मग २०, २५, ३५, ४५ अशी चढत पुन्हा ५०वर येते. म्हणजे पाच वर्षांत मूळ ओन डॅमेज हप्त्याच्या ५०, ३०, २५, १५ आणि ५ टक्के, मिळून १२५ टक्के तोटा. हप्ता ८,००० असेल तर सुमारे १०,००० रुपये. नऊ हजारांच्या कामासाठी दावा न केलेला बरा. एनसीबी संरक्षण घेतलं असेल तर गोष्ट वेगळी.

घोडे नेणाऱ्या गाड्यांबद्दल वेगळं सांगायला हवं. रेसकोर्सला किंवा सारंगखेड्याच्या बाजाराला जाणारे बरेच घोडे चासीवर बांधलेल्या बंद बॉडीतून जातात. चासीची किंमत लावली आणि बॉडीची राहून गेली तर आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) तोकडा पडतो. ट्रेलर असेल तर त्याचा तपशील आणि आयडीव्ही पॉलिसीत वेगळा लिहिलेला हवा, ओढणाऱ्या वाहनाच्या विम्यात तो आपोआप येत नाही. अशा बॉडीचं छत बहुधा पोलादी चौकटीवर रिव्हेट मारलेल्या ॲल्युमिनियमचं असतं. पोच्यांपेक्षा सैल झालेल्या रिव्हेटी आणि तडकलेलं सीलंट तिथे जास्त घातक. पाणी झिरपून दोन धातूंच्या मध्ये साचलं की ॲल्युमिनियम कुजतं, आणि रबरी मॅटखालच्या लाकडी फळ्या वरून चांगल्या दिसत असताना खालून सडतात. घोड्याचं सगळं वजन त्याच फळ्यांवर असतं. म्हणून छतावर दहा मिनिटं पाइपने पाणी सोडा, आत टॉर्च घेऊन बसा, नंतर मॅट उचलून फळी टोकदार पेचकसाने टोचून बघा. ओघळ आढळला तर जागेसकट फोटो काढून सर्व्हेयरला तेव्हाच दाखवा. छिद्र लांबट झालं असेल तर तिथे एक माप मोठी रिव्हेट बसवावी लागते, आणि पत्रा चौकटीला थेट टेकू नये म्हणून मध्ये टेप हवीच. ताणलेलं छत हातोड्याने सपाट करू देऊ नका. ते पुढे चालत्या गाडीत टणटण वाजतं आणि घोडा बिथरतो. फायबरचं छत असेल तर नाण्याने ठोकत जा. जिथे आवाज बद्द येतो तिथे आतले थर सुटलेले असतात, वरची तड केसासारखी बारीक असली तरी.

गाडी ताब्यात घेताना पुन्हा त्याच ट्यूबलाइटखाली उभी करायला लावा. सुरुवातीची मोजणीची यादी हातात ठेवून एकेक पॅनल पाहा, अस्तराच्या क्लिपा, आतला दिवा आणि सनरूफ असेल तर त्याच्या पाण्याच्या नळ्या तपासा. सळईसाठी कुठे भोक पाडलं असेल तर त्याला गंजरोधक लावून बूच बसवलंय का ते विचारा. समाधानपत्रावर सही त्यानंतर करा.