रॅम तिरका येतोय

(अंबड औद्योगिक वसाहतीतल्या लघुउद्योजकांपुढे केलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

बोलावणं आलं तेव्हा विषय सांगितला होता, 'हुशार पण अवघड माणसं कशी सांभाळायची'. मी विचारलं, अवघड म्हणजे कोणाला अवघड? फोनवर जरा शांतता पसरली. तिथूनच सुरुवात करतो.

माझी ३० वर्षं प्रेस शॉप आणि टूलरूममध्ये गेली. आधी सातपूर, मग अंबड. कंपनीचं नाव घेत नाही, कारण आज सांगणार आहे त्यातल्या बऱ्याचशा चुका माझ्याच आहेत. आमच्याकडे एक डायमेकर होते, म्हणजे पत्रा कापायचे-वाकवायचे साचे (डाय) बनवणारे. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, मालकसुद्धा. गाव दिंडोरीकडचं, घरची थोडी द्राक्षबाग. प्रोग्रेसिव्ह डायमध्ये, म्हणजे टप्प्याटप्प्याने पत्रा घडवणाऱ्या साच्यात, त्यांचा हात धरणारा माणूस मी नाशकात पाहिला नाही. आणि तोंड असं, की परचेसचा माणूस टूलरूमच्या दारातूनच माघारी फिरायचा.

एका सोमवारी मीटिंगला तक्रार आली: ब्रॅकेटला बर येतेय. इथे शीटमेटलबाहेरचेही लोक आहेत म्हणून सांगतो, पत्रा कापल्यावर कडेला जी बोचरी किनार उरते ती बर, आणि वरून उतरून पत्रा कापतो तो पंच. क्वालिटीवाले म्हणाले, पंच बोथट झालाय, ग्राइंडिंगला टाका. अण्णा उठले, ब्रॅकेट टेबलावर आपटलं. "पंचाला कोणी हात लावायचा नाही. कळत नाही त्यांनी गप बसावं," म्हणाले आणि निघून गेले. समोर ग्राहकाचा माणूस बसलेला. माझं डोकं फिरलं. त्याच दुपारी मी पंच काढून ग्राइंडिंगला टाकायला लावला.

चौथ्या दिवशी पंचाचा टवका उडाला. डाय १० दिवस बंद.

मग ते ब्रॅकेट मी पहिल्यांदा नीट हातात घेतलं. अण्णा करायचे तसं अंगठ्याचं नख कडेवरून फिरवलं. बर एकाच बाजूला होती. पंच बोथट असता तर ती बहुतेक सगळीकडून आली असती. एकाच अंगाला येते, म्हणजे पंच आणि डायमधला क्लिअरन्स, म्हणजे मधली फट, दोन्हीकडे सारखा राहिलेला नाही, पंच सरकून उतरतोय. डायमध्ये खोट नव्हती. पंच घेऊन वरखाली होणारा प्रेसचा भाग म्हणजे रॅम; त्याला सरळ धरणाऱ्या पट्ट्या, म्हणजे गिब, झिजल्या होत्या आणि रॅम तिरका येत होता. मेंटेनन्सला अण्णांनी हे तीनदा सांगितलं होतं. चौथ्यांदा ब्रॅकेट आपटलं. आम्ही सगळ्यांनी आपटणं पाहिलं, ब्रॅकेट कोणी पाहिलं नाही.

अशा माणसाच्या रागात पुष्कळदा मशीनची खबर असते, हे मला त्या १० दिवसांत कळलं. आधी खबरीच्या मागे जा. रागाचा हिशेब संध्याकाळी करता येतो. आपण नेमकं उलटं करतो: आधी माणसाला सरळ करायला जातो, आणि रॅम तिरकाच राहतो.

आता पैशाचं. फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग भागातल्या सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंटना विचारलं होतं, कामावर फार बरं कधी वाटलं आणि फार वाईट कधी वाटलं. १९५९मध्ये ते प्रसिद्ध झालं. वाईटाच्या आठवणींत कंपनीची धोरणं आणि साहेबाची देखरेख पुढे होती. बऱ्याच्या आठवणींत जमलेलं काम, त्याची झालेली दखल आणि ते काम स्वतःच. पगार कमी असला की माणूस धुमसतो, वाढवला की धुमसणं थांबतं, पण तेवढ्याने तो कामात जीव ओततो असं नाही. यावर टीकाही झाली. चांगलं झालं की श्रेय स्वतःला आणि वाईट झालं की खापर साहेबावर, हा मनुष्यस्वभावच आहे, असं टीकाकारांचं म्हणणं. ते मलाही पटतं. तरी टूलरूममध्ये मी जे पाहिलं ते हर्झबर्गच्या बाजूने जातं.

आम्ही अण्णांना स्पेशल इन्क्रिमेंट दिलं. दोन महिने शांतता, मग पुन्हा तेच. त्यांना हवा होता ग्रॅनाइटचा सरफेस प्लेट, म्हणजे ज्यावर ठेवून मोजमाप घेतात तो एकदम सपाट पाट. तीन वर्षं त्यांची मागणी फाइलला पडून होती, आणि परचेसचं उत्तर ठरलेलं: बिडाचा आहे ना, मग? शेवटी प्लेट आला त्या दिवशी अण्णांनी तो कोणाला पुसू दिला नाही. स्वतः पुसला, डायल लावून चारी कोपरे बघितले आणि घरी जाताना त्यावर घरून आणलेली जुनी घोंगडी टाकली. पुढची सहा वर्षं ती घोंगडी रोज संध्याकाळी पडायची.

दुसरी चूक याहून मोठी. खूश करायचं म्हणून आम्ही त्यांना सुपरवायझर केलं. हा आजार जुना आहे. विल्यम शॉकली हा ट्रान्झिस्टरच्या तीन जनकांपैकी एक, १९५६च्या नोबेलचा मानकरी. त्याच सुमारास त्याने कॅलिफोर्नियात स्वतःची प्रयोगशाळा काढली आणि तिथे एकाहून एक हुशार पोरं निवडून आणली. निवड अचूक, वागवणं भयंकर. संशय इतका, की एकदा खोटं पकडायच्या यंत्रावर बसवायची भाषा झाली. १९५७मध्ये आठ जण एकदम बाहेर पडले. त्यातल्याच नॉइस आणि मूर यांनी १९६८मध्ये इंटेल काढली. माल पारखणारी नजर आणि माणसं चालवणारा हात एकाच अंगात असतीलच असं नाही.

अण्णा सुपरवायझर झाले आणि सहा महिन्यांत दोन चांगले फिटर सोडून गेले. रजेचे अर्ज त्यांच्या ड्रॉवरमध्ये साठलेले. मी त्यांना मागे घेतलं, पण खाली आणलं नाही. 'मुख्य टूलमेकर' असं पद काढलं. हाताखाली कोणी नाही, पगार मॅनेजरएवढा, आणि ट्रायल रिपोर्टवर त्यांची सही झाल्याशिवाय डाय लाइनवर जाणार नाही. आयबीएमसारख्या कंपन्यांनी तज्ज्ञांसाठी असा वेगळा जिना साठच्या दशकातच बांधला होता. मॅनेजर लोक कुरकुरले. कुरकुरू दिलं.

दर ऑक्टोबरला द्राक्षाची गोडी छाटणी आली की अण्णा दांडी मारायचे. एचआर दरवर्षी मेमो काढायचं. मी ती रजा सप्टेंबरमध्येच प्लॅनमध्ये धरायला लावली. "कुठला डोळा ठेवायचा ते बघून कात्री चालते साहेब, तारीख बघून नाही," असं ते म्हणायचे. डायच्या बाबतीतही त्यांची हीच भाषा.

मग काय, त्यांचे सगळे लाड? नाही. आयटीआयच्या एका पोराने चुकीचा शिम, म्हणजे फट भरायची पातळ पट्टी, घातला म्हणून त्यांनी सगळ्यांसमोर त्याच्या आईबापाचा उद्धार केला. दुपारी मी त्यांना केबिनमध्ये घेतलं, दार लावलं. म्हटलं, अण्णा, मला शिव्या द्या, पोरांना नाही. पुन्हा झालं तर सहीचा अधिकार जाईल. पगाराबद्दल मी चकार शब्द काढला नाही. त्यांना काय दुखेल ते मला तोवर कळलं होतं. त्यानंतर झालं नाही म्हणणार नाही, एकदा झालं. त्या महिन्यात सही माझी होती.

ज्ञान लिहून काढायचं म्हटलं की ते म्हणायचे, मला लिहिता येत नाही. मग त्याच पोराला वही देऊन शेजारी उभं केलं. अण्णा बोलणार, तो लिहिणार, कुठला शिम किती मायक्रॉनचा आणि का. 'का'चा रकाना रिकामा राहिला तर वही माझ्याकडून परत जायची.

एक माणूस मात्र मला काढावा लागला. पीएलसीचा, म्हणजे मशीन चालवणारे प्रोग्राम बघणारा. कामात अण्णांच्या तोडीचा, बोलायला गोड, कधी आवाज चढवला नाही. पण प्रोग्रामचा पासवर्ड त्याच्या खिशात, आणि प्रत्येक वाढीच्या वेळी लाइन नेमकी अडायची. दोनदा समज दिली. तिसऱ्यांदा मशीनवाल्याकडून प्रोग्राम नव्याने लिहून घेतला, खर्च सोसला आणि त्याला निरोप दिला. आमच्या यादीत 'अवघड' म्हणून त्याचं नाव कधीच नव्हतं.

अण्णा निवृत्त झाले. मी सोडेपर्यंत आठवड्यातून दोन दिवस यायचे, ऑक्टोबर सोडून. वहीवाला पोरगा आता टूलरूम बघतो. निघण्याआधीच्या माझ्या शेवटच्या मीटिंगमध्ये तो उठला, एक वॉशर माझ्यासमोर सरकवला आणि म्हणाला, "सर, पुन्हा एकाच बाजूला."

मी नख फिरवलं आणि मेंटेनन्सला बोलावलं.