तारेचे दात आणि डी जीवनसत्त्वाची पुडी

नमस्कार श्रोतेहो.

दातांना तार लावलेल्या मुलांचे आईवडील हल्ली हमखास विचारतात, की डी जीवनसत्त्वाची पुडी सुरू केली तर दात लवकर सरकतील का? दीड-दोन वर्षं चालणारा उपचार, मध्येच आलेली दहावी-बारावी, कुणाचं लग्न ठरलेलं. घाई कळते. पण डी जीवनसत्त्वाने दात लवकर सरकतात का हे पाहणाऱ्या प्रयोगांत जे वापरलं गेलं ते वेगळं आणि औषधाच्या दुकानात मिळणारी पुडी वेगळी. सगळा घोळ तिथेच होतो.

आधी दात सरकतो कसा ते पाहू. दाताचं मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये तंतूंचं एक अस्तर असतं, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचं. तारेचा जोर ज्या बाजूला दाबतो, तिथे ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी हाड विरघळवतात. ज्या बाजूला ताण पडतो, तिथे दुसऱ्या पेशी नवं हाड घालतात. अशा रीतीने दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. सुळा मागे ओढायला शंभर ते दीडशे ग्रॅमचा जोर पुरतो. “डॉक्टर, तार जरा जास्त आवळा ना,” असं काही जण सांगतात, पण त्याने काम उलटं होतं. जोर जास्त झाला की त्या अस्तरातला रक्तपुरवठा तुटतो, तिथल्या पेशी मरतात आणि तो मेलेला भाग साफ होईपर्यंत दात दोन-तीन आठवडे जागचा हलत नाही. मुळाचं टोक झिजण्याचा धोका वाढतो तो वेगळाच.

आता डी जीवनसत्त्व. उन्हाने कातडीत तयार होतं किंवा पुडीतून पोटात जातं, ते जसंच्या तसं फारसं कामाचं नसतं. यकृतात त्याचं एक रूप बनतं, मूत्रपिंडात पुढचं. या शेवटच्या, खऱ्या कामाच्या रूपाला कॅल्सिट्रिऑल म्हणतात. ते हाडातल्या पेशींना इशारा द्यायला लावतं आणि त्या इशाऱ्यावर हाड विरघळवणाऱ्या पेशी तयार होतात. म्हणजे हाड पक्कं करणारं म्हणून आपण ओळखतो तेच जीवनसत्त्व हाड मोडायचं कामही करून घेतं. दात सरकायला दोन्ही लागतं.

१९८८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मांजरांच्या सुळ्यांवर प्रयोग केला. दाताभोवतीच्या अस्तरात आठवड्यातून एकदा याच रूपाचं इंजेक्शन दिलं. एकवीस दिवसांनी ते दात, इंजेक्शन न दिलेल्या बाजूच्या दातांपेक्षा ६० टक्के जास्त सरकले होते. २०११ मध्ये इराकमधल्या अभ्यासात माणसांवर १५, २५ आणि ४० पिकोग्रॅम (मायक्रोग्रॅमचा दहा लाखावा भाग म्हणजे एक पिकोग्रॅम) अशा मात्रा वापरल्या. पंचवीसच्या मात्रेला वेग जवळपास दीडपट झाला. चाळीसला मात्र तो फारसा वाढला नाही. जास्त औषध म्हणजे जास्त वेग, हा हिशेब इथे चालत नाही.

आकडे मोहात पाडणारे आहेत, म्हणून जरा गणित करू. दातांना जागा करायला उपदाढ, म्हणजे सुळ्यामागचा दात, काढला तर साधारण सात मिलिमीटरची जागा मोकळी होते. ती भरायला सात महिने लागतात. दीडपट वेगाने पावणेपाच लागतील. वाचले सव्वादोन महिने. तेही सगळं जमून आलं तर, आणि फक्त जागा भरण्याच्या टप्प्यावर. आधी दात एका रांगेत आणणं आणि शेवटी चावा नीट बसवणं, याचा वेळ तिथेच राहतो. शिवाय हिरडीतून पुनःपुन्हा सुई टोचून घ्यायची. माणसांवरचे अभ्यास लहान आहेत. रोजच्या दवाखान्यात हा उपचार रूढ झालेला नाही आणि आमच्या मते आज तो मागूही नये.

मग पुडीचं काय? मूत्रपिंड कॅल्सिट्रिऑल मोजून-मापून बनवतं. पोटात दुप्पट डी गेलं म्हणून दाताजवळ दुप्पट कॅल्सिट्रिऑल पोहोचत नाही. दुकानात कॅल्सिट्रिऑलचीही कॅप्सूल मिळते, ०.२५ मायक्रोग्रॅमची. ती मुख्यतः मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी असते. प्रयोगातल्या २५ पिकोग्रॅमच्या ती दहा हजार पट आहे, तेव्हा तार लवकर सुटावी म्हणून तिच्या वाटेला जाऊ नका.

कमतरता खरोखर असेल तर ती भरून काढायलाच हवी, पण दातांच्या वेगासाठी नव्हे, हाडांसाठी. रक्ततपासणीत २५-हायड्रॉक्सी डी, म्हणजे यकृतात बनणारं ते रूप, मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या खाली आलं तर डॉक्टर बहुधा ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे देतात. ती जेवणानंतर किंवा सायीच्या दुधातून घ्यावी, कारण हे जीवनसत्त्व स्निग्धात विरघळतं. नेहमीची चूक अशी, की चिठ्ठी न वाचता आठवड्याची पुडी रोज घेतली जाते, किंवा आठ आठवडे झाले तरी थांबवली जात नाही. मग रक्तात कॅल्शियम वाढतं. सारखी तहान, मळमळ, बद्धकोष्ठ, पुढे मूतखडा. उन्हासाठी बसायचं तर अंगणात किंवा गच्चीत. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात डी तयार होत नाही.

उपचार लांबतो तो बहुतेक वेळा फार साध्या कारणांनी. ऊस सोलताना, चिक्की फोडताना ब्रॅकेट, म्हणजे तार धरून ठेवणारा दातावरचा चिकटवलेला तुकडा, निघतो आणि पुढच्या तारखेपर्यंत कुणाला पत्ता नसतो. रबरं दिवसातून वीस-बावीस तास लावायची, ती फक्त रात्री लावली जातात. तार आवळल्यावर दात ठणकतात तेव्हा आयब्युप्रोफेनऐवजी पॅरासिटॅमॉल घ्यावं, कारण आयब्युप्रोफेन ज्या रसायनांना रोखतं ती दात सरकायलाही लागतात. एखाद-दुसऱ्या गोळीने बिघडत नाही, आठवडेच्या आठवडे घेतल्याने बिघडतं.

चाळिशी-पन्नाशीत तार लावून घेणारेही आता बरेच आहेत. त्यांच्यापैकी कुणी हाडं ठिसूळ झाली म्हणून ॲलेंड्रोनेट किंवा झोलेड्रोनिक ॲसिड घेत असेल, तर दात काढण्याआधीच तसं सांगा. या औषधांनी हाड विरघळण्याचं काम मंदावतं, दात अडून बसतात, काढलेल्या दाताची जखमही भरायला कधीकधी त्रास देते. ती हाडात वर्षानुवर्षं टिकून राहतात. म्हणून औषध दोन वर्षांपूर्वी बंद केलं असलं, तरी त्याचं नाव चिठ्ठीवर लिहून आणा.