पहिल्याच पकडीला हात पोचेना: स्पोर्ट क्लाइंबिंगची स्पर्धा कशी बघायची?

नमस्कार मंडळी! पाच मजली बिल्डिंग डोळ्यांसमोर आणा. बाहेरच्या भिंतीवरून, हातापायांनी, थेट गच्चीपर्यंत. किती वेळ लागेल? २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा सॅम वॉटसन १५ मीटरची भिंत ४.७४ सेकंदांत चढला. विश्वविक्रम! आणि पदक? ब्राँझ. कारण इथे दोघं शेजारी-शेजारी चढतात आणि फक्त समोरच्याला हरवायचं असतं. वॉटसन उपान्त्य फेरीतच हरला होता, विक्रम झाला तो तिसऱ्या नंबरच्या लढतीत.

हा झाला ‘स्पीड’. यात भिंतीवरच्या पकडी, म्हणजे होल्ड, जगभर त्याच जागी असतात. खेळाडूंना तो रस्ता पाढ्यासारखा पाठ. खरं सांगू? मला यात फार रस नाही. गंमत आहे ती बोल्डर आणि लीड या बाकीच्या दोन प्रकारांत, कारण तिथे रस्ता आधी कुणीच चढलेला नसतो.

म्हणजे, एक जमात सोडून. रूट सेटर! होल्ड कुठे बसवायचे, कसे फिरवायचे, हे ते ठरवतात. पेपर काढणारे मास्तरच म्हणा ना. आणि पेपर फुटू नये म्हणून खेळाडूंना आयसोलेशनमध्ये ठेवतात. फोन नाही, दुसऱ्याला चढताना बघणं नाही. लीडच्या आधी सगळ्यांना मिळून सहा मिनिटं भिंत बघायला देतात. कुणी दुर्बीण लावतं, कुणी हवेतच हात नाचवतं. तो भाग अजिबात चुकवू नका.

बोल्डरला दोर नाही, साडेचार मीटरच्या आसपास भिंत, खाली जाड गाद्या. पडलात तर वेळ संपेपर्यंत पुन्हा प्रयत्न करा. लीडला मात्र दोर कमरेला, तो वाटेत क्लिप करत वर जायचं, आणि संधी एकच. हात सुटला की जिथवर पोचलात तेवढेच गुण.

[पडद्यावर: पॅरिस, महिलांची अंतिम फेरी]

आता हा पेपर किती अवघड निघू शकतो ते बघा. जपानची आई मोरी, उंची १५४ सेंटिमीटर. पहिल्या बोल्डरला सुरुवातीचे होल्डच इतके वर, की ती उड्या मारत राहिली आणि सुरुवातच झाली नाही. शून्य! सोशल मीडियावर भांडणं पेटली: सेटरने अन्याय केला, की उडी मारता येणं हाही खेळाचाच भाग? माझं मत विचाराल तर, पेपर अवघड असावा, पण पेन तरी हातात द्यावं.

मग लीडला हीच मोरी १०० पैकी ९६.१ गुण घेऊन गेली. त्या फायनलमधले सर्वांत जास्त. पण पॅरिसला बोल्डर आणि लीडचे गुण एकत्र धरत होते. मोरी चौथी. सुवर्ण स्लोव्हेनियाच्या यान्या गार्नब्रेटला, टोकियोनंतर सलग दुसरं.

आणि हो, हे सगळं लांबचं वाटत असेल तर, बोल्डरिंगचा वर्ल्ड कप २०१६ मध्ये आपल्या नवी मुंबईत झालाय! सह्याद्रीतले कडे चढणाऱ्या ‘गिरिविहार’ संस्थेने भरवला होता.

२०२८च्या लॉस एंजेलिसला स्पीड, बोल्डर, लीड, तिन्हींची पदकं वेगळी. हाच नियम पॅरिसला असता, तर त्या दिवशीच्या आकड्यांवर लीडचं सुवर्ण मोरीच्या गळ्यात होतं.