इन्सुलिन टोचताना दुखतंय? आधी पोटावरची गाठ बघा

खानापूर तालुक्यातलं हे घर. बाहेर पाऊस धो धो कोसळतोय आणि आत आक्का जेवायच्या आधीचं इन्सुलिन घ्यायला बसल्यात. फ्रिजच्या दारातनं पेन काढायचं, थेट पोटात टोचायचं आणि तोंड वाकडं करून म्हणायचं, "लै दुखालंय गं!" रोजचंच झालंय हे.

यातलं बरंचसं दुखणं टाळता येतं, खरंच. गारेगार इन्सुलिन आत गेलं की चरचरतं. वापरायला काढलेलं पेन बहुतेक वेळा २८ दिवस बाहेर चालतं, ३० अंशांच्या आत, पण आपापल्या पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा. एप्रिल-मेमधे बेळगावात ऊन तापतं तेव्हा फ्रिजमधेच ठेवा, फक्त घ्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा. स्पिरिट लावलं असेल तर पूर्ण वाळू द्या, ओलं असताना टोचलं की झोंबतं. आणि सुई. पैसे वाचवायला एकच सुई आठ-आठ दिवस वापरतात लोकं, परिस्थिती कळते हो, पण टोक बोथट होतं आणि कातडीला ओरबाडतं. दर वेळी नवी घ्या, ४ मिलिमीटरची, अंगानं जाड असलेल्यांनाही तेवढी पुरते.

आता हे जवळनं बघा. आक्कांच्या बेंबीच्या डावीकडं बोट फिरवलं तर रबरासारखा जाडसर उंचवटा लागतो. रोज त्याच जागी टोचून टोचून तिथली चरबी वाढलीय. तिथं दुखतं कमी, म्हणून हात आपोआप तिथंच जातो, आणि घोळ इथंच होतो, कारण गाठीतनं इन्सुलिन रक्तात नीट जात नाही, आज साखर वर तर उद्या अचानक खाली, आणि घरचे म्हणतात गोड खाल्लं असणार! बिचारीनं कुंद्याला हातसुद्धा लावलेला नसतो.

ती जागा काही महिने मोकळी सोडा. पोटाचे चार भाग धरा, दर आठवड्याला एक, आणि प्रत्येक टोचणीत बोटभर अंतर. मांडीची बाहेरची बाजूपण चालते.

पण गाठ सोडून चांगल्या जागी घ्यायला लागलात की तेवढाच डोस जास्त लागू पडतो, साखर एकदम उतरू शकते. म्हणून जागा बदलायच्या आधी डॉक्टरांना गाठ दाखवा, डोस कमी करायचा का ते विचारा, आणि सुरवातीचे काही दिवस घरच्या मशीनवर साखर जरा जास्त वेळा बघा.